जुने इंजिन, परका कार्बोरेटर

भारत स्टेज ६ ही उत्सर्जन मानके १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाली, नव्या मोटारसायकलींवर संगणकाच्या नियंत्रणाखाली इंधन फवारणारी फ्युएल इंजेक्शन पद्धत आली, आणि त्यापूर्वीची शंभराहून अधिक वर्षे इंजिनाला पेट्रोल पुरवणारा कार्बोरेटर कारखान्यांच्या उत्पादनातून मागे पडला. जुन्या गाड्या मात्र त्याच्याच भरवशावर चालतात. हैदराबादसारख्या शहरात जुनी बुलेट, म्हैसूरला बनलेली जावा किंवा येझदी आणि एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत ३५० जिवापाड जपणारे लोक आहेत. त्यांच्या गाड्यांचे इंजिन, गिअर आणि चाके दुरुस्त होऊ शकतात, पण मूळ कार्बोरेटर झिजला आणि त्याच बनावटीचा नवा मिळेनासा झाला, की दुसऱ्या एखाद्या गाडीचा कार्बोरेटर बसवण्याचा विचार पुढे येतो. पुतलीबावली आणि गौलीगुडा भागातील दुचाकींच्या सुट्या भागांची दुकाने किंवा सिकंदराबादेतील राणीगंज येथे असा भाग शोधणे अवघड नाही. नांदेड, देगलूर, उदगीर या बाजूच्या गाडीमालकांनाही ही बाजारपेठ जवळची आहे.

भाग मिळाला म्हणजे काम झाले, असे मात्र या बाबतीत म्हणता येत नाही. कार्बोरेटर हे मोजमापाचे उपकरण आहे. ते कारखान्यातून निघते तेव्हा एका ठरावीक इंजिनासाठी, त्याच्या हवेच्या भुकेसाठी आणि त्या काळच्या इंधनासाठी जुळवलेले असते. त्यामुळे परका कार्बोरेटर बसवणारा मनुष्य मूळ कारखान्यातील अभियंत्यांनी केलेले मोजमापाचे काम नकळत स्वतःच्या अंगावर घेत असतो. ते काम समजून पार पाडले तर पन्नास वर्षांची गाडी पुन्हा सुरळीत चालते, आणि टाळले तर चांगले इंजिन काही आठवड्यांत खराब होऊ शकते.

हवेच्या वेगाने पेट्रोल ओढणारी नळी

हवा अरुंद वाटेने वेगाने वाहू लागली की तिचा दाब घटतो, हे तत्त्व डॅनियल बर्नुली याने १७३८ मध्ये मांडले आणि जिओव्हानी व्हेंच्युरी याने १७९७ मध्ये अरुंद होत जाणाऱ्या नळीत त्याचा अभ्यास केला. कार्बोरेटरचे सारे काम याच तत्त्वावर चालते. पिस्टन खाली जाताना हवा आत खेचतो, ती हवा कार्बोरेटरच्या नळीतून वेगाने जाते, तेथे दाब कमी होतो, आणि खालच्या वाटीतले, म्हणजे फ्लोट चेंबरमधले पेट्रोल बारीक छिद्रातून वर ओढले जाऊन हवेत मिसळते. या मोजून पाडलेल्या छिद्राच्या पितळी तुकड्याला जेट म्हणतात. वाटीत पेट्रोलची पातळी एकसारखी राखण्यासाठी तरंगणारा फ्लोट आणि त्याच्या टोकाशी टोकदार झडप असते. पातळी वर आली की झडप बंद होते.

साध्या पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी एका किलोमागे सुमारे १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल यापेक्षा जास्त झाले तर मिश्रण ‘रिच’ होते, प्लग काळा पडतो, धूर वाढतो आणि गाडी पेट्रोल खाते. कमी झाले तर मिश्रण ‘लीन’ होते, इंजिन तापते, ॲक्सिलरेटर देताना अडखळते आणि गंभीर प्रसंगी पिस्टन जळतो. मोटारसायकलच्या कार्बोरेटरमध्ये ॲक्सिलरेटरच्या केबलला जोडलेली गोल स्लाइड वर उचलली जाते आणि तिच्याबरोबर तिच्यातली निमुळती सुई, म्हणजे नीडल, वर येऊन पेट्रोलची वाट मोकळी करते. ॲक्सिलरेटरच्या पहिल्या आठव्या भागापर्यंत मुख्यतः पायलट जेट काम करतो, पुढे पाव भागापर्यंत स्लाइडच्या खालच्या कडेला दिलेल्या तिरक्या कापाचा प्रभाव असतो, पाव ते पाऊण भागात नीडल आणि नीडल जेट यांची जोडी पेट्रोल ठरवते, आणि त्यापुढे मुख्य जेट. हे टप्पे एकमेकांत थोडे मिसळतात, तरीही दोष कोणत्या टप्प्यात आहे हे ओळखण्यासाठी एवढी विभागणी पुरेशी ठरते.

मूळ कार्बोरेटर का बाद होतो

जुन्या बुलेटवरील अमाल मोनोब्लॉक हे याचे चांगले उदाहरण आहे. त्याचा सांगाडा जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असतो आणि त्याच्या पोटात स्लाइड वर्षानुवर्षे वरखाली घासत राहते. इंजिनाची ओढ स्लाइडला सतत एका बाजूला दाबून धरते, त्यामुळे घर गोल न राहता किंचित लांबट होते, आणि स्लाइडच्या कडेने मोजमापात न धरलेली हवा आत शिरू लागते. अशी गाडी वेगात ठीक चालते, पण सिग्नलला ‘स्लो’वर टिकत नाही, मग मालक स्लोचा स्क्रू वाढवत जातो, कोणी पायलट जेट मोठा टाकतो, आणि खरा दोष तसाच राहतो. दुसरा नेहमीचा दोष फ्लँजचा आहे. फ्लँज म्हणजे कार्बोरेटर इंजिनाला ज्या सपाट कडेने बसतो ती कड. नट प्रमाणाबाहेर आवळले की ती धनुष्यासारखी वाकते आणि मधून हवा ओढते.

या दोषांवर कार्बोरेटर बदलणे हा एकच उपाय नाही. सांगाड्याचे भोक लेथवर पुन्हा गोल करून त्यात बाही बसवता येते, किंवा नव्या मापाची स्लाइड घडवता येते. वाकलेली फ्लँज सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून सरळ करता येते. मूळ भाग वाचवण्याचा हा मार्ग आधी तपासावा आणि तो खरोखर बंद झाला असेल तरच परक्या भागाकडे वळावे, हा क्रम गाडीच्या हिताचा आहे.

अमालचे घराणे आणि मोठ्या तोंडाचा मोह

अमाल ही कंपनी १९२७ मध्ये अमॅक, ब्राउन अँड बार्लो आणि बिंक्स या तीन ब्रिटिश कार्बोरेटर-व्यवसायांच्या एकत्रीकरणातून उभी राहिली. जपानच्या मिकुनी कंपनीने सुरुवातीचे मोटारसायकल कार्बोरेटर अमालच्या परवान्याने बनवले, आणि तिच्या जुन्या सांगाड्यांवर तसा ठसाही आढळतो. मिकुनीची व्हीएम ही गोल स्लाइडची मालिका याच घराण्यातली असल्यामुळे अमालच्या जागी ती बसवताना मांडणी परकी वाटत नाही. मद्रासमध्ये बनणाऱ्या बुलेट ३५० वर पुढे मिकार्ब नावाचा व्हीएम २४ येऊ लागला, आणि बुलेट ५०० वर व्हीएम २८ आला. यातील २४ आणि २८ हे आकडे नळीच्या व्यासाचे मिलिमीटर आहेत. त्यामुळे ३५० वर ५०० चा कार्बोरेटर बसवावा, म्हणजे गाडीचा जोर वाढेल, हा विचार बुलेटच्या मालकांना सहज सुचतो.

या विचाराची परीक्षा साध्या गणिताने होते. बुलेट ३५० चे सिलिंडर ३४६ सीसीचे आणि बुलेट ५०० चे ४९९ सीसीचे, म्हणजे मोठ्या इंजिनाची हवेची भूक सुमारे ४४ टक्के जास्त. २४ ऐवजी २८ मिलिमीटर व्यास घेतला की नळीचे क्षेत्रफळ सुमारे ३६ टक्क्यांनी वाढते. मोठ्या इंजिनाला ही वाढ साजेशी आहे. लहान इंजिनावर तीच नळी बसवली तर हवा तेवढीच राहते आणि वाट रुंद होते. चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा घेते, म्हणून ३४६ सीसीचे इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांवर पूर्ण ॲक्सिलरेटर दिला असता, सिलिंडर पुरते भरते असे धरले, तर सेकंदाला सुमारे ५.८ लिटर हवा ओढते. २४ मिलिमीटरच्या नळीत तिचा सरासरी वेग सुमारे १३ मीटर असतो आणि २८ च्या नळीत तो ९ मीटरच्या आसपास उतरतो. पेट्रोल ओढणारा दाबातला फरक वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून कमी फेऱ्यांवर ती ओढ जवळजवळ निम्म्यावर येते. अबिड्स, कोठी किंवा सिकंदराबाद स्टेशनच्या गर्दीत, जेथे गाडी बराच वेळ कमी फेऱ्यांवर असते, तेथे अशा गाडीला ॲक्सिलरेटर एकदम पिळला की इंजिन क्षणभर दम सोडते. फायदा दिसला तर तो मोकळ्या रस्त्यावर, वरच्या फेऱ्यांत, आणि तोही मर्यादितच. तोंड मोठे केले की जोर वाढतो, ही समजूत इंजिनाच्या झडपा, कॅम आणि नळकांडे तीच असताना फारशी खरी ठरत नाही. परका कार्बोरेटर निवडताना व्यास मूळच्या जवळचा असणे हीच पहिली अट ठेवावी.

थंडरबर्डसारख्या नंतरच्या एनफिल्डवर आलेल्या मिकुनी बीएस २९ ची गोष्ट वेगळी आहे. त्यात ॲक्सिलरेटर फक्त मागची पाकळी उघडतो, आणि स्लाइड रबरी पडद्याच्या साह्याने इंजिनाच्या ओढीने आपोआप वर जाते. त्यामुळे ॲक्सिलरेटर एकदम दिला तरी हवेचा वेग कोसळत नाही, आणि चार-स्ट्रोक इंजिनाला हा प्रकार सोयीचा पडतो. मात्र त्याची लांबी, केबलची रचना आणि एअर फिल्टरची जागा जुन्या बुलेटशी जुळत नाही. शिवाय व्हीएममधला एअर स्क्रू आत फिरवला की मिश्रण रिच होते, तर बीएसमधला मिश्रणाचा स्क्रू बाहेर काढला की रिच होते; हे माहीत नसलेला माणूस नेमका उलटा उपाय करतो.

जेटवरचे आकडे सरसकट चालत नाहीत

परका कार्बोरेटर विकत घेताना त्यातले जेट मूळ कार्बोरेटरच्या आकड्यांशी जुळवून घ्यावेत असे अनेकांना वाटते, पण निरनिराळ्या कंपन्यांचे आकडे निरनिराळ्या गोष्टी मोजतात. डेलॉर्टो पद्धतीच्या जेटवर, आणि म्हणून बजाजच्या स्कूटरवरील स्पॅको कार्बोरेटरच्या जेटवरही, छिद्राचा व्यास शतांश मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो, म्हणजे १०० हा आकडा एक मिलिमीटर सांगतो. अमालच्या मुख्य जेटवरचा आकडा छिद्रातून वाहणाऱ्या इंधनाचे प्रमाण सांगतो. आणि मिकुनीच्या षट्कोनी डोक्याच्या व गोल डोक्याच्या जेटचे आकडे एकमेकांशीही जुळत नाहीत. एका कंपनीचा १०० नंबर काढून दुसरीचा १०० नंबर टाकणे म्हणजे लिटरचे माप फुटांत वाचण्यासारखे आहे.

नीडल जेटमध्येही असाच फरक लपलेला असतो. टू-स्ट्रोक इंजिनांसाठीच्या व्हीएममध्ये साधारणतः हवेचे एकच छिद्र असलेला जेट असतो, तर चार-स्ट्रोकसाठी अंगभर बारीक छिद्रे असलेला जेट वापरतात. त्या छिद्रांतून हवा आधीच पेट्रोलमध्ये मिसळून फेस तयार होतो. एखाद्या टू-स्ट्रोक यामाहाचा व्हीएम बाहेरून बुलेटच्या व्हीएमसारखाच दिसतो, पण आतला हा जेट बदलल्याशिवाय मधल्या ॲक्सिलरेटरवर मिश्रण जुळत नाही. बाजारात नकली जेटही पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यावर कोरलेला आकडा व प्रत्यक्ष छिद्र यांचा मेळ बसेलच असे नाही. मिकुनीच्या अस्सल जेटवर चौकोनात चौकोन अशी बारीक खूण असते. भिंगाखाली ती पाहून घेणे हा विकत घेतानाचा साधा आणि उपयोगी नियम आहे.

हैदराबादची हवा आणि आजचे पेट्रोल

जेट निवडताना गाव कोणते, हाही प्रश्न विचारावा लागतो. हैदराबाद दख्खनच्या पठारावर समुद्रसपाटीपासून ५०० मीटरहून अधिक उंचीवर आहे, त्यामुळे तेथील हवेचा दाब मुंबई किंवा चेन्नईच्या किनाऱ्यापेक्षा सुमारे सहा टक्के कमी असतो. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि डिसेंबरच्या पहाटे १४ अंशांच्या आसपास येतो. एवढ्या फरकाने हवेची घनता आणखी आठ-नऊ टक्क्यांनी कमीजास्त होते. हवा विरळ झाली की तिचे वजन घटते, पण कार्बोरेटर तिच्याबरोबर ओढले जाणारे पेट्रोल त्याच प्रमाणात कमी करत नाही, म्हणून मिश्रण रिच बाजूला झुकते. किनाऱ्यावर जुळवलेला कार्बोरेटर पठारावर आणि त्यातही उन्हाळ्यात थोडे जास्त पेट्रोल देतो, तो या कारणाने.

इंधनातला बदल याच्या उलट दिशेने काम करतो. देशात पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. शुद्ध इथेनॉलला एका किलोमागे सुमारे ९ किलो हवा पुरते, म्हणून या मिश्र इंधनाला पेट्रोलच्या १४.७ ऐवजी सुमारे १३.५ किलो हवा लागते. जेट तोच राहिला तर इंजिनाला हवेच्या मानाने इंधन कमी पडते आणि मिश्रण लीन होते. उंची आणि उष्णता एकीकडे ओढतात, इथेनॉल दुसरीकडे, आणि त्यातून उरणारा हिशेब ऋतूप्रमाणे बदलतो; मे महिन्यात ठीक वाटलेली गाडी डिसेंबरच्या पहाटे लीन चालू शकते. म्हणूनच १९६० च्या दशकातील माहितीपुस्तिकेतला आकडा अखेरचा शब्द मानता येत नाही. त्याला सुरुवातीचा आकडा मानून पुढे प्रत्यक्ष गाडी चालवून तपासावे लागते. इथेनॉल जुनी रबरी वॉशरे आणि नळ्या फुगवते व ठिसूळ करते, आणि ओलावा धरून जस्ताच्या मिश्रधातूला गंज आणते. जुना सांगाडा ठेवायचा तर सारे रबर नव्या इंधनाला टिकणारे असावे, आणि गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर वाटी रिकामी करून ठेवावी.

टू-स्ट्रोकमध्ये चूक महाग पडते

म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीत १९६० च्या दशकाच्या आरंभापासून १९९६ पर्यंत जावा आणि मग येझदी गाड्या बनल्या. त्यांपैकी जावावर चेकोस्लोव्हाकियाच्या पद्धतीचा जिकॉव्ह कार्बोरेटर असे, आणि तो झिजल्यावर अनेक मालक २४ मिलिमीटरचा व्हीएम बसवतात. या इंजिनांना वंगण पेट्रोलमध्येच मिसळून दिले जाते. याचा अर्थ असा, की जेट लहान पडला तर पेट्रोलबरोबर तेलही कमी जाते. तापमान वाढते आणि वंगण घटते, आणि दोन्ही संकटे एकाच वेळी येऊन पिस्टन सिलिंडरमध्ये अडकतो, ज्याला गॅरेजमध्ये ‘सीज’ होणे म्हणतात. म्हणून टू-स्ट्रोकवर सुरुवात नेहमी थोड्या मोठ्या मुख्य जेटने करावी आणि प्लगचा रंग पाहत एकेक आकडा खाली यावे.

एस्कॉर्ट्सने १९८३ पासून बनवलेली राजदूत ३५० ही यामाहाच्या आरडी ३५० वर आधारलेली दोन सिलिंडरची, ३४७ सीसीची गाडी आहे, आणि तिच्यात काम दुप्पट आहे. दोन कार्बोरेटर म्हणजे दोन सिलिंडरांसाठी दोन स्वतंत्र मापे. दोन्ही सारख्या बनावटीचे आणि सारख्या झिजेचे असले पाहिजेत. एक मूळचा ठेवून दुसरा परका बसवला तर एक सिलिंडर रिच आणि दुसरा लीन चालतो. ॲक्सिलरेटरच्या केबलला फाटे फुटून ती दोन्ही स्लाइड उचलते, आणि त्याच हालचालीशी तेलाचा पंपही जोडलेला असतो. स्लाइड जवळजवळ नळीच्या व्यासाएवढी वर जाते, त्यामुळे वेगळ्या व्यासाचा कार्बोरेटर बसवला की केबलचा प्रवास बदलतो आणि पंपाचे तेलाचे प्रमाणही बिघडते. दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उठतात की नाही हे पाहण्यासाठी सारख्या जाडीच्या दोन ड्रिल बिट दोन्ही स्लाइडखाली ठेवतात आणि केबल हळूच ओढून दोन्ही एकदम सुटतात का ते बघतात. त्यानंतर पंप त्याच्या खुणेवर पुन्हा लावावा लागतो, आणि घाईत हाच टप्पा सुटण्याची भीती असते.

बसवण्याचा क्रम

प्रत्यक्ष काम करताना आधी फ्लँजवरील स्टडचे अंतर आणि नळीचे मध्यबिंदू जुळतात का ते पाहावे. त्यासाठी जोडपट्टी घडवावी लागली तर आतल्या कडा गुळगुळीत असाव्यात, कारण छोटीशी पायरीही हवेचा प्रवाह मोडते. इंजिन आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये उष्णता रोखणारा बॅकेलाइटचा तुकडा ठेवावा. तो नसेल तर हैदराबादच्या उन्हाळ्यात वाटीतले पेट्रोल तापून उकळू लागते. कार्बोरेटर उभ्या रेषेत बसला पाहिजे, अन्यथा फ्लोटची पातळी चुकते. ही पातळी वाटीच्या तळाला पारदर्शक नळी लावून बाहेरून पाहता येते, आणि ती जुळल्याशिवाय जेटचे कोणतेही काम हाती घेऊ नये, कारण पातळीतली चूक पुढच्या साऱ्या टप्प्यांत उतरते. मूळ एअर फिल्टर काढून टाकण्याची सवय तर सर्वस्वी चुकीची आहे; फिल्टरचा अडथळाही मूळ मोजमापात धरलेला असतो, आणि धूळ स्लाइड व सिलिंडर दोन्ही खाते.

मग पायलट जेट, स्लाइड, नीडल आणि मुख्य जेट असे टप्पे एका वेळी एकच बदल करून तपासावेत. ठरावीक ॲक्सिलरेटरवर थोडे अंतर गाडी चालवून इंजिन एकदम बंद करायचे, क्लच दाबून थांबायचे आणि प्लग काढून पाहायचा; फिका पांढरा रंग लीनचा, काजळी रिचची आणि भुरकट तांबूस रंग योग्य मिश्रणाचा. प्रत्येक बदल वहीत तारीख, तापमान आणि जेटच्या आकड्यासह लिहून ठेवावा, कारण तीन महिन्यांनी दुसऱ्या उस्तादाकडे गाडी गेली तर त्याला हीच वही उपयोगी पडते.

कायद्याच्या बाजूचाही विचार हवा. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात ठेवलेली दुचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, आणि सांगाड्यात किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा अशी अट त्यात आहे. कार्बोरेटरचा बदल इतका मोठा मानला जाईल की नाही हा प्रश्न तपासणाऱ्यापुढे येण्याआधीच मूळ कार्बोरेटर, त्याची जोडणी आणि नळ्या जपून ठेवणे शहाणपणाचे ठरते. प्रदूषण तपासणीतही चुकीचे मिश्रण लगेच उघड होते. ती कसोटी टाळण्याऐवजी तिला मोजमापातली मदत मानावी.

परका कार्बोरेटर हा जुन्या गाडीचा अपमान नाही. मिकुनीचे घराणे अमालच्या परवान्यातून वाढले, आणि जावावर व्हीएम बसवणारा कारागीरही जुने इंजिन चालते ठेवण्याचेच काम करतो. अट एवढीच, की त्याने व्यास, जेट, फ्लोटची पातळी, गावची हवा आणि आजचे इंधन यांचा हिशेब स्वतः मांडावा, मूळ भाग फेकू नये आणि केलेले काम लिहून ठेवावे. कार्बोरेटर बनवणारे कारखाने कमी होत जाणार आहेत. अशा काळात हे मोजमाप जाणणारे हात, आणि त्यांनी लिहून ठेवलेल्या वह्या, ही जुन्या मोटारसायकलींना लागणारी सर्वांत दुर्मीळ सामग्री ठरणार आहे.